एक जोडी टायर, सात हजार किलोमीटर

४ ऑक्टोबर

मुहन्नाने ग्रुपवर मार्ग टाकला. निझवाहून रुब अल-खालीचं वाळवंट, मग रियाध, तबूक, अकबा, अम्मान. परत येताना मदिना आणि मक्का. सात हजार किलोमीटरच्या वर! अकरा नोव्हेंबरला निघायचं. खाली त्याची मल्लिनाथी — "ज्यांचे टायर गेल्या वर्षी वाटेत मेले, त्यांनी घरी बसून आमच्यासाठी दुवा करावी."

गेल्या वर्षी टायर एकटीचाच मेला होता. माझा.

मी लिहिलं, "येतेय." घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

५ ऑक्टोबर

गेल्या वर्षीचं मी कुठेच लिहिलं नाही. लाज वाटली. आज लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सलालाला निघालो होतो. सहा मोटरसायकली, मागे सामानाची पिकअप. सगळ्यांत मी एकटी बाई. घफ्तैनच्या अलीकडे माझ्या मागच्या टायरच्या चिंध्या झाल्या. पडले नाही ते नशीब. गाडी पिकअपवर बांधली आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून साडेचारशे किलोमीटर परत आले. आमच्या गावात, फर्कमध्ये शिरलो तेव्हा नुकती असरची, दुपार उतरतानाची, नमाज सुटलेली. मशिदीतून बाहेर पडणारं सगळं गाव रांगेत उभं राहून बघतंय, आणि माझी गाडी मेलेल्या उंटासारखी आडवी.

त्याच संध्याकाळी बाबा सबल्यात बोलले. गावचे पुरुष कॉफीला जमतात तिथे. मुहन्ना माझा चुलतभाऊ, त्यानेच नंतर मला रंगवून सांगितलं. बाबा म्हणाले, "पुन्हा पोरीची गाडी पिकअपवर आली, तर किल्ली माझ्याकडे."

सबल्यात बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. गाडी माझ्या पगारातून घेतलेली. तरी ती पिकअपवर आली तर किल्ली मी स्वतः नेऊन देईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. नाही दिली तर चार लोकांत बाबांची मान खाली जाईल. बाबांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही.

तेव्हा ठरलं. वाटेत आपल्या मापाचा टायर मिळेलच असा भरवसा नाही. जाताना जे टायर, येताना तेच टायर. एकच जोडी. नाहीतर गाडी गेली.

८ ऑक्टोबर

औद्योगिक वसाहतीत पीरबख्शकडे गेले. बलुची म्हातारा, तीस वर्षं टायर विकतोय. स्टुलावर बसून चहा पीत होता.

"उस्ताद, सात हजार टिकेल आणि वर थोडा उरेल असा दाखवा."

"उंट घे."

मग उठला एकदाचा. एकेक काढून समोर टाकला. मी नावं ठेवत गेले.

पहिला नवरदेव. मऊ रबर, चकचकीत, वळणावर रस्त्याला चिकटून बसणारा. "पाच-सहा हजारांत गोटा होईल," पीरबख्श म्हणाला. दिसायला झकास आणि टिकायचा भरवसा नाही — असा एक मी आधीच सोडलाय.

दुसरा काटेरी. मोठमोठे दात, वाळूसाठी. मुहन्नाच्या मित्रांना हा फार आवडतो, फोटोत उठून दिसतो. पण आपला सगळा रस्ता डांबरी. डांबरावर हा स्वतःलाच खातो. शिवाय दिवसभर कानाशी गुणगुण.

तिसरा मास्तर. मध्ये कडक रबर, दोन्ही कडांना मऊ. नक्षी खोल पण साधी. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो, म्हणून तिथेच कडक. वळताना कडा टेकतात, म्हणून तिथे मऊ. वजन पेलायची ताकदही नवरदेवापेक्षा जास्त. रूप मात्र शून्य.

"हा कुणी घेत नाही," पीरबख्श म्हणाला.

"का?"

"टिकतो. पुन्हा दुकानात यायला निमित्त मिळत नाही."

मास्तरच घ्यायचा असं तिथेच ठरवलं. मग बाजूवरचे चार आकडे वाचले — आठवडा आणि साल. तीन वर्षांपूर्वीचा निघाला! तीन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये भाजलेला. वरून नवा कोरा दिसतो, आतून रबर वाळलेलं. असल्यावर सात हजार जायचं म्हणजे शिळ्या भाकरीवर रोजे धरण्यासारखं.

"ताजा मागवा."

"मस्कतहून यायला पंधरा दिवस."

"थांबते."

"नभानची पोर शोभतेस," म्हणाला. बाबांचं नाव इथे सगळ्यांना ठाऊक.

९ ऑक्टोबर

घरी सांगितलं. आई पराठे भाजत होती. एक शब्द नाही, फक्त एक पराठा करपला.

बाबा म्हणाले, "टायर कुठलाही घे. टायरात काय आहे? हवेत आहे सगळं."

बाबांचं हवेचं शास्त्र अख्ख्या निझवात चालतं. डांबर यायच्या आधी ते आदम ते हैमा पाण्याचे टँकर न्यायचे, निव्वळ वाळूतून. उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून निघतानाच काढून टाकायची — हा त्यांचा नियम. उन्हाळा लागला की शुक्रवारी नमाजनंतर आमच्या दारात गाड्यांची रांग. बाबा काडी घेऊन उकिडवे बसतात, बिस्मिल्ला म्हणतात आणि प्रत्येक चाकातली हवा स्वतःच्या हाताने सोडतात. मीटर नाही, आवाजावरून. लोक त्याला बाबांची दुवा म्हणतात. लांबच्या प्रवासाला निघणारा कुणी त्यांच्याकडून हवा काढून घेतल्याशिवाय गावाबाहेर पडत नाही.

मीही नाही. गेल्या वर्षी मीच पहिली बसले होते रांगेत.

१३ ऑक्टोबर

पीरबख्शकडे सहज गेले. म्हणजे सहज नाही. विचारायलाच गेले — माझा गेल्या वर्षीचा टायर तुम्हीच काढलात ना, काय झालं होतं त्याला?

"मध्ये रबर भरपूर होतं," म्हणाला. "बाजू भाजल्या होत्या. हात लावला की भुगा."

"कशाने?"

चहा प्यायला. पुन्हा चहा प्यायला. कप रिकामा होता हे मला दिसत होतं.

"नभानसाहेबांच्या मुलीला मी काय सांगू?"

१५ ऑक्टोबर

साखळीच्या झाकणावर एक स्टिकर आहे. चार वर्षं त्यावर ग्रीसचा थर. आज घासून काढला. मागच्या चाकाला, सामानासकट एकट्या माणसाला हवेचा दाब — अडतीस.

बाबांचा हात हवा काढतो तेव्हा मीटरवर अठ्ठावीस येतात. मी मोजून बघितलं आहे, आईच्या गाडीवर.

दहाचा फरक! रात्रभर डोक्यात तेच.

२२ ऑक्टोबर

काल आणि आज शाळेचा उष्णता मोजायच्या यंत्राचा डबा घरी आणला. मुख्याध्यापिकेला सांगितलं, दुरुस्तीला नेते.

काल दुपारी मागच्या जुन्या टायरात अठ्ठावीस ठेवून आदमपर्यंत गेले. पोचल्या पोचल्या टायरची बाजू मोजली. चौऱ्याहत्तर अंश. आज तीच वेळ, तोच वेग, सावलीत तेच सदतीस अंश. हवा अडतीस. मोजलं — एकसष्ट. विश्वास बसेना म्हणून थोडं थांबून पुन्हा गेले. बासष्ट.

हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला चेपतो. चेपतो म्हणून तापतो. वाळूत हे चालतं, तिथे वेग चाळीसचा असतो आणि टायर पसरायलाच हवा असतो. डांबरावर एकशे दहाने हाणायचं तर तोच टायर स्वतःला भाजून घेतो. मुलींना दरवर्षी मी हेच शिकवते, चेंडू दाबून. चेंडू! आणि स्वतःच्या चाकाला कधी हात लावला नाही.

आदमच्या रस्त्यावर गाडी थांबवून मी एकटीच हसले. सापडलं! टायर निवडला, आजार सापडला, आता सात हजार काय, दहा हजार जाईन.

मग घरी येता येता लक्षात आलं. गेल्या वर्षी माझा टायर बाबांच्या हाताने मेला.

२३ ऑक्टोबर

आईला सांगितलं. तिला आकडे कळले नाहीत, बाकीचं सगळं कळलं.

"त्यांना सांगणार आहेस?"

"सांगायला नको?"

आई खजूर निवडत होती. म्हणाली, "टँकर गेले. नोकरी गेली. गुडघे गेले. या एका गोष्टीसाठी लोक अजून दारात येतात. तीही काढून घे."

मी तिच्या हातातला सडका खजूर घेऊन बाहेर टाकला.

२६ ऑक्टोबर

मास्तरांची जोडी आली! यंदाची, अठ्ठाविसावा आठवडा. एकोणऐंशी रियाल दोन्हीचे. पीरबख्शने चढवले, मी समोर उभी राहून फिरायच्या दिशेचा बाण तपासला. त्याला राग आला. "तीस वर्षं चढवतोय." तरी तपासला.

मागच्या टायरच्या नक्षीची खाच मोजली. साडेआठ मिलिमीटर. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

२८ ऑक्टोबर

नवे टायर पहिले दोनशे किलोमीटर निसरडे असतात. बहलाच्या घाटात बैलगाडीसारखी गेले. मुहन्ना मागून आला, बाजूला आला, माझ्या चाकाकडे बघून हसला.

"हे काय? दुधाच्या गाडीचे लावलेस?"

"टिकतात."

"रय्या, एवढा कंजूस टायर लावून मक्केला गेलं तर उमऱ्याची यात्रा तरी कबूल होईल का?"

हसू दे. त्याच्या नवरदेवाच्या कडांना रंगीत पट्टी आहे.

१ नोव्हेंबर

पीरबख्शचा फोन. आवाज दाबून — "मुहन्ना आला होता. तुझ्यासारखाच टायर घेऊन गेला. तोच आठवडा, तेच माप. तुला सांगू नकोस म्हणालाय."

हसून हसून पोट दुखलं.

११ नोव्हेंबर

निघालो. लिहिते आहे ती इब्रीच्या पुढे, जेवणाच्या थांब्यावर.

पहाटे बाबा अंगणात. काडी हातात. गुडघा धरून धरून खाली बसले. मी म्हणाले, "बाबा, राहू दे, थंडी आहे." म्हणाले, "पुढे वाळवंट आहे." बिस्मिल्ला म्हणून काडी टेकवली. तो आवाज — पिस्स — लहानपणापासून ऐकतेय. त्यांनी कान लावून ऐकलं, थांबले, मान हलवली, टोपण लावलं. चाकावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. मग पुढचं चाक.

मी त्यांच्या कपाळाला ओठ लावले आणि निघाले. आठ किलोमीटरवर, बहलाच्या रस्त्यावरच्या पंपावर, गाडी लावली. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, पाहून घेतलं. मीटर — अठ्ठावीस. एवढं अचूक! अडतीस भरली. चोरासारखं वाटलं. भरता भरता रडू आलं, ते पंपवाल्याने बघितलं आणि फुकट पाणी दिलं.

१२ नोव्हेंबर

रुब अल-खाली. सकाळी नऊपासून एकच सरळ रेघ. शेकडो किलोमीटर वळण नाही. टायरचा मधला पट्टा झिजायला याहून चांगली जागा नाही. मास्तर, आता दाखवा.

दुपारच्या थांब्यावर मुहन्नाने सगळ्यांची चाकं मोजली. उन्हात पळून तापलेली, तेव्हा आकडा वर चढणारच. "बघा, फुगली," म्हणाला. "प्रत्येकाने चार-चार काढा."

मी म्हणाले, "तापल्यावर काढू नका. थंड झाली की फार कमी राहील. उलट थोडी भरा."

पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. तलालने तर हेल्मेट काढून बघितलं.

"नभानकाकांच्या मुलीने असं म्हणावं?" मुहन्ना म्हणाला. "आणि तेही ज्या मुलीचा टायर फुटला तिने?"

यावर सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगायची नव्हती. माझ्या चाकाशी मात्र मी कुणाला येऊ दिलं नाही.

१६ नोव्हेंबर

रियाधनंतर खाच मोजली. सात पूर्णांक आठ! मास्तर, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकावा.

१९ नोव्हेंबर

तबूक. पहाटे सहा अंश. दात वाजतात. थंडीत हवा आणखी आकसते — माझी चौतीसवर आली होती, भरून घेतली. तलालच्या चाकाला सहज मीटर लावलं. एकवीस. त्याला सांगितलं. म्हणाला, "मऊ बसायला बरं वाटतं."

२२ नोव्हेंबर

अम्मान. तिघांनी मागचे टायर बदलले. कडा भाजलेल्या, मधे भेगा. दुकानदार जॉर्डनी, खूष. मला विचारलं, "ताई, तुम्हाला?" मी गाडी पुढे घेऊन दाखवली. वाकून बघितलं, बोट घालून बघितलं, मग मुहन्नाला विचारलं, "ही तुमच्याबरोबरच आली का?"

त्या दुकानदाराला मी दोन ग्लास चहा पाजला.

२५ नोव्हेंबर

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही.

मदिनेच्या अलीकडे दीडशे किलोमीटरवर मुहन्नाची गाडी मागून डुलायला लागली. थांबलो. मागच्या टायरच्या बाजूला हाताएवढी फुगी, आणि फाटलेल्या रबरातून आतल्या तारा दिसतात. माझाच टायर. तोच आठवडा, तेच माप. पाच हजार शंभर किलोमीटरवर खलास.

त्या मापाचा टायर मदिनेत नाही, जिद्दाहून चार दिवस लागतील. गाडी पिकअपवर चढली. मुहन्नाने स्वतः दोर बांधला. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी टाळ्या वाजवीन. नाही वाजवल्या. पण खोटं कशाला लिहू — आतून पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

मग मुहन्ना माझ्याकडे आला. पुढे चालणाऱ्याच्या गाडीला हिरवं फडकं बांधतो आम्ही. ते त्याने सोडून आणलं होतं.

"घे."

"तू बांध."

त्याने माझ्या आरशाला बांधलं. गाठ मारताना म्हणाला, "टायर तोच. रस्ता तोच. तू काय केलंस, रय्या?"

"मी हलकी आहे."

"सामान माझ्याहून जास्त आहे तुझं."

"मग मास्तरांना विचार."

मदिनेत सगळ्यांच्या पुढे मी शिरले.

२७ नोव्हेंबर

मक्का. उमरा झाला. काही लिहायचं नाही. बाबांसाठी मागितलं.

१ डिसेंबर

घरी!

फर्कच्या वळणावर शिरलो तेव्हा असरची नमाज सुटली होती. मी काही ठरवून आले नव्हते, पण गाव पुन्हा रांगेत. पुढे मी, आरशाला हिरवं फडकं. मागे चौघं. शेवटी पिकअप, पिकअपवर मुहन्नाची गाडी, ड्रायव्हरच्या शेजारी मुहन्ना. सात हजार तीनशे ऐंशी किलोमीटर. मागची खाच तीन पूर्णांक चार. अजून मोप जाईल!

बायका दाराआडून, गच्चीवरून. कुणीतरी आनंदाची किलकारी दिली आणि मग सगळ्या गल्लीने दिली. माझ्या शाळेच्या दोन मुली तर भिंतीवर चढल्या होत्या. आई दारात उभी, हातात हलव्याचं भांडं, भांडं विसरून रडत होती. बाबा मशिदीच्या पायरीवर. हात वर केला. एवढंच. पण बाबांनी रस्त्यात हात वर केलेला मी कधी पाहिला नाही.

किल्ली खिशात आहे. दहा वेळा चाचपून बघितली.

२ डिसेंबर

सबल्यात आज माझाच विषय. मी तिथे नव्हते, मुहन्ना सगळं सांगायला आला. त्याच्यात ही एक चांगली खोड आहे — स्वतःची फजितीसुद्धा रंगवून सांगतो.

म्हणे सगळ्यांनी विचारलं, टायर एकच तर हिचा टिकला आणि तुझा का नाही? त्याने सांगितलं, मला काय माहीत, काकांची दुवा हिला जास्त लागली असेल. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हवा किती ठेवत होतास?"

"तुम्ही सांगता तेवढी. काढत राहिलो, शेवटपर्यंत."

"आणि रय्या?"

"तिने कुणाला मोजूच दिली नाही."

मग बाबा कॉफीचा कप तसाच ठेवून उठले, मुहन्ना म्हणाला. "बरं नाही का काकांना?"

मी म्हणाले, दमले असतील.

३ डिसेंबर

सकाळी अंगणात गेले तर बाबा माझ्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात मीटर. बाबांकडे मीटर नव्हतं, शेजाऱ्याकडून आणलं असणार. चष्मा कपाळावर, आकडा डोळ्यांजवळ धरलेला.

"अडतीस," म्हणाले.

मी खिशातली किल्ली चाचपली.

"मी काढली होती."

"हो."

"कुठे भरलीस?"

"बहलाच्या रस्त्यावर. पंपावर."

त्यांनी मनाशी मोजलं. "आठ किलोमीटर." मीटर खाली ठेवलं. "आठ किलोमीटर टिकली माझी दुवा."

मी खाली बसले त्यांच्याशेजारी. वाळू, डांबर, चेंडू, चौऱ्याहत्तर, एकसष्ट — सगळं सांगितलं, घाईघाईत. बाबा, तुमचा नियम बरोबर होता, वाळूचा होता, रस्ता बदलला, तुमची चूक नाही. ऐकून घेतलं सगळं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गेल्या वर्षीचा तुझा टायरही?" एवढंच विचारलं.

मी मान हलवली.

न खाता खोलीत गेले. दिवसभर बाहेर आले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही. जिंकून आले आणि घरात सुतक.

४ डिसेंबर

फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर बाबांनी मला हाक मारली. पहिल्यांदाच सांगितलं. डांबर नवं नवं पडलं त्या उन्हाळ्यात मरहून नावाचा आदमचा एकजण त्यांच्या जोडीने टँकर चालवायचा. त्या सकाळी त्याच्या चाकांची हवा बाबांनीच काढली होती, बिस्मिल्ला म्हणून. दुपारी टायर फुटला, टँकर उलटला, मरहून जागीच गेला. बाबांनी त्याच्या घरी जाऊन सांगितलं — तो घाईत होता, मला पुरेशी हवा काढू दिली नाही.

"चाळीस वर्षं त्याचा मुलगा समजतोय, चूक बापाची होती."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"आदमला ने मला," म्हणाले. "तुझ्या गाडीवर."

पंपावर थांबलो. मागच्या चाकात बेचाळीस, दोन माणसांची. नळी बाबांनीच धरली होती.